भेगवाली

१

मंगळवार म्हणजे कडेची गल्ली. खाणीला खेटून असलेली एकतीस घरं, आणि त्या घरांच्या भिंतींना मिळून दोनशे चौदा भेगा. त्या मोजायचं काम माझं. खांद्याला पिशवी, पिशवीत बोटभर रुंदीच्या काचेच्या पट्ट्या, सिमेंटची पुडी, भेगेची रुंदी मोजायचा कॅलिपर आणि वही. भेगेवर काच आडवी धरायची, दोन्ही टोकांना सिमेंट थापायचं. भिंत हलली की काच फुटते. फुटली की भेग मोजायची, आकडा लिहायचा, नवी काच बसवायची आणि पुढच्या घरात शिरायचं. अकरा वर्षं हेच केलं. गल्लीत मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची मी भेगवाली.

"आली बघा भेगवाली," कोणीतरी दारातूनच ओरडायचं. "बाई, आमच्या घराची आयुष्यरेषा कुठवर गेलीय ते सांगा जरा."

मीही हसायचे. पण भेग पंधरा मिलिमीटरच्या पुढे गेली की घर धोकादायक ठरायचं. धोकादायक ठरलं की माणसांना निघावं लागायचं. माणसं निघाली की थोरली यायची.

थोरली म्हणजे खाणीतलं खोदयंत्र. दोनशे मीटर लांब, वीस मजली इमारतीएवढं उंच. तोंडाशी एक अजस्र चाक, चाकाला अठरा बादल्या, एकेका बादलीत एक मोटार मावेल एवढी जागा. शेत, विहीर, रस्ता, शाळा, जे समोर येईल ते खरवडून मागच्या पट्ट्यावर टाकायची आणि कोळशापर्यंत पोचायची. माझे सासरे आप्पा यांनी ती बावीस वर्षं चालवली. आता माझा नवरा चालवत होता. आमच्या घरात थोरलीला नावं ठेवलेली चालत नसत.

माझ्या वहीवरून आधी दोन गल्ल्या गेल्या होत्या. मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. हे मी स्वतःला वरचेवर सांगत असे, यावरूनच काय ते समजा.

२

गल्लीतलं सातवं घर शिंप्याचं. त्याच्या मशीनमागच्या भिंतीवर एक भेग होती, गेल्या मंगळवारी नऊ मिलिमीटरची. काच फुटलेली दिसली, यात नवल नव्हतं. मी कॅलिपर काढला आणि थांबले.

काच फुटते तेव्हा तिचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब जातात. मध्ये फट दिसते. इथे एक तुकडा दुसऱ्या तुकड्यावर चढला होता.

मी मोजलं. पुन्हा मोजलं.

"काय झालं?" शिंप्याने विचारलं. ओठांत दोन टाचण्या धरून तो बोलत होता. "स्पष्ट सांगा. मला घाबरायची सवय आहे."

"कमी झालीय."

"काय कमी झालीय?"

"भेग. सात भरतेय."

तो हसला आणि टाचण्या खाली सांडल्या. "मग लिहा की सात! का सातचा आकडा विसरलात?"

मी लिहिलं. पण रस्त्यावर आल्यावर मन खायला लागलं. हवा बदलली असेल, विटा ओल धरून फुगल्या असतील, कॅलिपर कुठेतरी आपटला असेल. त्या दिवशी आणखी तीन घरांत काचेचे तुकडे एकमेकांवर चढलेले सापडले. मी कॅलिपरला दोष दिला आणि घरी आले.

३

पुढच्या मंगळवारी नवा कॅलिपर घेऊन गेले. शिवाय प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने टिंबं काढली, त्यांच्यामधलं अंतर पट्टीने घेतलं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने पकडावी. दुपारपर्यंत अठ्ठावीस घरं झाली. अठ्ठावीसही घरांत भेगा आखडल्या होत्या.

गल्लीच्या टोकाचं घर शाळेच्या बाईंचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्या एकट्याच राहत. "मला घराबाहेर काढायचं असेल तर उचलून न्या, आणि माझं वजन लक्षात ठेवा," असं त्यांनी खाणीच्या माणसांना तोंडावर सांगितलं होतं.

त्यांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. ते दार मला चांगलं माहीत होतं. चौकट तिरकी झाल्यामुळे नऊ वर्षं ते लागत नव्हतं, बाई त्याला वीट टेकवून ठेवायच्या. आज वीट बाजूला पडली होती आणि दार चौकटीत चपखल बसलं होतं.

"बघ. लागलं," बाई म्हणाल्या. "आनंद झाला मला. मग उघडायला गेले, तर खांदा लावावा लागला. आता दोन वाजू देत. बस इथे आणि बोलू नकोस."

दोन वाजता पाळी बदलते तेव्हा थोरली दहा मिनिटं बंद असते. दिवसाउजेडी तेवढाच वेळ गल्लीतल्या भांड्यांचं थरथरणं थांबतं. फळीवरचे डबे गप्प झाले. खिडकीची तावदानं गप्प झाली. मी भिंतीला कान लावला.

आत काहीतरी सरकत होतं. माती ढासळताना भुरभुरते, लाकूड तडकताना एकदम आवाज होतो. हा आवाज तसा नव्हता. एखादी जड पेटी ओल्या फरशीवरून कोणी फार सांभाळून, कोणाला जाग येऊ नये म्हणून ओढत न्यावी, तसा होता. भिंत गालाला कोमट लागत होती. ती उत्तरेची भिंत, तिच्यावर कधीच ऊन येत नाही.

दहा मिनिटांनी थोरली सुरू झाली. आवाज त्याच क्षणी थांबला.

"पाहिलंस?" बाई हळू म्हणाल्या. "ती बंद झाली की हे चालू. ती चालू झाली की हे गप्प. वर्गात मुलं अशीच करायची, माझी पाठ वळली की."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जे गप्प होतं, त्याला ऐकू येत असलं पाहिजे.

४

घरी आप्पा पलंगावर बसून तळवा पलंगाच्या लोखंडी पायाला लावून होते. थोरलीने त्यांचे कान जवळजवळ निकामी केले होते. पण पलंगाच्या पायातून ती त्यांना आमच्यापेक्षा जास्त ऐकू यायची.

"सूनबाई, तिला ओढावं लागतंय," ते म्हणाले. "पूर्वी लोण्यासारखं कापायची. आता दम लागतोय."

जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, खाणीत काही वेगळं चाललंय का?"

"चाकाचं बेअरिंग गेलंय," तो ताटात बघत म्हणाला.

"तुमच्या आप्पांना सांगा हे. मला नका सांगू."

त्याने कालवलेला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "काल जिथे कापलं, तिथे आज परत तेवढंच कापावं लागतं. चार दिवस झाले, एक पाऊल पुढे सरकलेलो नाही. आणि समोरची पाटी वाचता यायला लागलीय."

"कुठली पाटी?"

"पलीकडच्या कडेवरची."

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. आमची गल्ली एके काळी सरळ पुढे जायची आणि पलीकडच्या वस्तीत शिरायची. खाणीने ती मधोमध तोडली. आता पलीकडे जायचं तर वळसा घालून बसने दोन तास लागत. कडेवर उभं राहिलं की समोर दोन किलोमीटर नुसती पोकळी, आणि पोकळीच्या शेवटी टाचणीच्या डोक्याएवढा एक पांढरा ठिपका. त्या ठिपक्यावर काय लिहिलंय ते अकरा वर्षांत मला कळलं नव्हतं.

मी वाचलं. 'पुढे जाऊ नये.'

पाटीशेजारी पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. त्याचा सदरा निळा होता. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. मला त्याचं बटण दिसत होतं.

५

खाणीच्या साहेबाने मला बोलावून घेतलं. वयाने लहान, कायम इस्त्रीतला, बोलायला गोड. त्याच्या टेबलावर माझी वही उघडी पडली होती.

"मॅडम, भेगा वाढतात," तो म्हणाला. "त्या मिटत नसतात. सोमवारी तपासणी मंडळ येणार. मागच्या महिन्याचे आकडे घ्या, प्रत्येकात थोडी भर घाला आणि सही करा. पुढच्या आठवड्यात गल्ली रिकामी करायची आहे."

"मी मोजून लिहिलंय, साहेब."

"ठाऊक आहे मला."

त्याच्या बोलण्यातला गोडवा एकदम उतरला. त्याने खण उघडून खाणीचे नकाशे माझ्यासमोर पसरले. एकाच खाणीचे चार नकाशे, एकेका आठवड्याच्या अंतराने काढलेले. चौथ्या नकाशातली खाण पहिल्यातलीच्या पावही नव्हती.

"मीही मोजलंय," तो म्हणाला. "तीन वेगवेगळ्या यंत्रांनी. म्हणून तर घाई आहे. पूर्ण मिटायच्या आत जेवढं काढता येईल तेवढं काढून घ्यायचं. तुमच्या गल्लीखालचा थर सगळ्यांत जाड आहे."

हा माणूस घाबरलेला होता, आणि घाबरलेला असूनही त्याला आणखी खोल जायचं होतं. भिंतीतल्या आवाजाने नाही दचकले इतकी मी त्या क्षणी त्याला बघून दचकले.

आधीच्या दोन गल्ल्या आठवल्या. तिथल्या एका आजोबांनी जाताना मला विचारलं होतं, "पोरी, एक मिलिमीटर कमी लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तेव्हा मी म्हणाले होते, "आजोबा, जे आहे तेच लिहिते मी."

"साहेब," मी वही उचलत म्हटलं, "जे आहे तेच लिहिते मी."

६

सोमवारी सकाळी मंडळाचे तिघं आले. दोन पुरुष आणि पांढऱ्या केसांच्या एक अध्यक्षीणबाई. मागे साहेब, त्याच्या मागे सगळी गल्ली. तपासणीसाठी साहेबाने मुद्दाम शाळेच्या बाईंचं घर निवडलं होतं. जुन्या नोंदीत तिथली मोठी भेग चौदा मिलिमीटरची होती, गल्लीत सर्वांत रुंद.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. शिंपी ओट्यावर चढून बसला. बाईंनी त्याला तिथून उतरवला.

"मोजा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मी भिंतीपाशी गेले. माझी पेन्सिलीची दोन टिंबं जवळजवळ चिकटली होती. मधली भेग मला सापडेना. चष्मा पुसला. बोट फिरवलं. शेवटी नखाची कड घालून बघितली. नखसुद्धा शिरलं नाही. रंगाचे दोन पोपडे मात्र एकमेकांना भिडून थोडे उचलले गेले होते.

"किती?" साहेबाने मागून विचारलं. त्याचा आवाज फाटला होता.

अकरा वर्षांत हा शब्द मी कधी उच्चारलाच नव्हता.

"शून्य."

आधी कोणालाच कळलं नाही. मग शिंपी ओरडला, "शून्य! अहो, शून्य!" आणि दारातून, पडवीतून, रस्त्यावरून तो शब्द गल्लीभर धावत गेला. अध्यक्षीणबाईंनी स्वतः नख घालून पाहिलं, दुसऱ्या हाताने पाहिलं, आणि कागदावर काहीतरी खोडून ठळक अक्षरांत लिहिलं. शाळेच्या बाई खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून गदगदून हसायला लागल्या.

त्या गोंगाटातही मला तो आवाज आला. ओल्या फरशीवरून ओढलेली पेटी. मी घड्याळ पाहिलं. सव्वा अकरा. थोरली चालू होती, डबे फळीवर वाजत होते.

आज ते थोरलीला ऐकून गप्प झालं नव्हतं.

मग डब्यांची थरथर वाढली. थोरलीचा आवाज चढत चढत किंकाळीसारखा झाला, आणि मध्येच अडकला.

७

आम्ही कडेला पोचलो तेव्हा थोरलीचं चाक निम्मं समोरच्या दरडीत होतं आणि हलत नव्हतं. तिचे लोखंडी पाय गुडघाभर जमिनीत गेले होते. यंत्रावर नऊ माणसं होती. वरच्या केबिनमध्ये माझा नवरा.

साहेबाच्या गाडीतला वायरलेस खरखरत होता. "उलटं फिरवतोय," नवऱ्याचा आवाज आला. "अजून थोडा जोर लावला तर सुटेल."

"लाव जोर!" साहेब ओरडला. "वाटेल ते कर, मशीन सोडव!"

तेवढ्यात आप्पा आले. काठी टेकत, शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवून, धापा टाकत. त्यांनी थोरलीकडे एकदाच पाहिलं. मग खाली वाकले, तळवा जमिनीवर ठेवला आणि तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

त्यांनी साहेबाच्या हातातून वायरलेस काढून घेतला. साहेबाची तो परत घ्यायची हिंमत झाली नाही.

"मी बोलतोय," आप्पा म्हणाले. "चाक थांबव. जेवढं ओढशील तेवढं ते आवळेल. वीज तोड आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पड."

"आप्पा, सोडून दिली तर ती जाईल. तुमची बावीस वर्षं—"

आप्पांना नीट ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असावं. ते ओरडले, "लोखंड आहे रे ते! लोखंड! माझा मुलगा तू आहेस! मागच्या हातावरून, पट्ट्याकडेच्या वाटेने पळा. आत्ता!"

थोरली बंद झाली. अकरा वर्षांत पाळीच्या वेळेव्यतिरिक्त असली शांतता मी ऐकली नव्हती. त्या शांततेत यंत्राच्या लांबलचक मागच्या हातावरून, पट्ट्याशेजारच्या अरुंद जाळीच्या वाटेवरून, माणसं पळत येताना दिसली. मुंग्यांएवढी, मग बोटाएवढी. वाटेचं टोक कडेपासून दोन पुरुष उंचीएवढं खाली होतं. शाळेच्या बाई घरात गेल्या आणि कपड्यांची दोरी उपटून घेऊन आल्या. कोणी चादरी आणल्या, कोणी शिडी. ज्यांची घरं ही माणसं खोदायला आली होती, ती गल्लीतली माणसंच पोटावर पडून हात खाली सोडत होती.

एक वर आला. दोन. पाच. आठ.

नववा शेवटी असतो. चालवणारा सगळ्यांच्या मागून निघतो. वाट तिरकी व्हायला लागली होती. मी कडेवर आडवी पडले, शिंप्याने माझे पाय धरले. नवऱ्याने उडी मारली, त्याचं मनगट माझ्या हातात आलं, घामाने निसटलं, आणि दुसऱ्यांदा घट्ट सापडलं. मग माझ्यामागून चार-पाच जणांनी आम्हाला एखाद्या गोणीसारखं वर खेचलं.

"नऊ!" बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत घुमला. "सगळे आले! नऊ!"

लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आप्पांनी मुलाचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या केसांतली धूळ झटकत राहिले, झटकत राहिले.

८

त्या वेळी सगळ्यांची पाठ खाणीकडे होती. मी एकटीच अजून कडेवर पडलेली होते, म्हणून मला दिसलं.

खाली कोळशाचा काळा थर हलला. ढासळला नाही. झोपेत कोणी कूस बदलावी आणि अंगावरचं पांघरूण हलावं, तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलला. थराखालून चाकाभोवती काहीतरी फिकट आलं. बोटं म्हणावीत तर सांधे नव्हते. मुळं म्हणावीत तर मुळं इतकी जाणतेपणाने चाचपत नाहीत. त्याने एकेक बादली मोजल्यासारखी चाचपली, आणि मग चाक वळलं. लोखंड कागदासारखं घडी होत गेलं. वीस मजली यंत्र आवाज न करता खाली गेलं, आणि धूळ उडाली नाही. एवढं मोठं काही मोडताना चिमूटभर धूळ उडाली नाही, याचा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिथे सपाट काळी जमीन होती, नुकत्याच सारवल्यासारखी.

"काय बघतेस?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गेली."

९

मंडळाने गल्ली सुरक्षित असल्याचा निकाल त्याच दिवशी लेखी दिला. साहेब दुसऱ्या दिवशी नकाशे घेऊन निघून गेला, पुन्हा दिसला नाही. माझं काम गेलं, कारण मोजायला एकही भेग उरली नाही. नोकरी गेल्याच्या आनंदात गल्लीने माझी वरात काढली. शिंप्याने मला फुकटात एक पिशवी शिवून दिली, खिसे नसलेली. "आता कॅलिपर नाही ना ठेवायचा," म्हणाला.

खाण मिटत राहिली. पलीकडची माणसं आधी हात हलवायची. मग ओरडून बोलायची. महिन्याभरात त्यांच्या स्वयंपाकघरातली फोडणी आम्हाला ऐकू यायला लागली. खालून मात्र काही ऐकू येत नव्हतं. आता ते दोन वाजताही गप्प असायचं. बाई म्हणाल्या, "झालं असेल त्याचं काम." मी मान हलवली. काम झालं की माणूस बसतो. ते बसलंय की उठलंय, हे आम्हाला कोण सांगणार?

एका रविवारी सकाळी दोन्ही कडा भेटल्या. मध्ये उरली ती बोटभर रुंदीची एक काळी रेघ. अलीकडे आमची गल्ली उभी, पलीकडे त्यांची. मुलं, म्हातारी, कडेवरची बाळं. सगळे हसत होते, आणि रेघेवरून पाय कोणी टाकत नव्हतं.

आप्पा पुढे झाले. मी त्यांचा दंड धरायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला. काठीने रेघ चाचपली. पलीकडे निळ्या सदऱ्याचा पहारेकरी उभा होता. त्याने हात पुढे केला.

"भीती नाही वाटत, आजोबा?" त्याने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"वाटते की," आप्पा म्हणाले. "बावीस वर्षं मीच हे उघडत होतो. म्हणजे आधी जाब मलाच विचारला जाणार."

त्यांनी पाऊल उचललं आणि पलीकडे ठेवलं. काही झालं नाही. ते वळले, दोन तासांच्या वळशापलीकडून आमच्याकडे बघून त्यांनी काठी वर उंच धरली, आणि दोन्ही बाजूंनी असा काही जल्लोष उठला की माझ्या अंगावर काटा आला. मग सगळेच धावले. बाई, शिंपी, माझा नवरा, ते आठ जण. रेघेवर माणसांची नुसती झुंबड उडाली.

मी सर्वांत शेवटी ओलांडली. जमीन तळव्यांना कोमट लागली, आणि माझ्या वजनाखाली ती किंचित वर आली, झोपलेल्याच्या श्वासासारखी. मी थांबले नाही. पुढे माणसं मला हाका मारत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नावाने, आणि गल्ली सरळ पुढे जात होती.